अकरावं कार्ड

लातूर, ६ सप्टेंबर १९८२

गौरे,

वर 'श्री' न्हाई. विसरले न्हाई, घातलाच न्हाई.

तुझं कार्ड मिळालं. खाली नाव नव्हतं तरी वळखलं. 'ळ'ला असं शेपूट तूच काढतीस, त्यापायी अप्पानं तुझ्या बोटावर पट्टी मारली होती. दहा वर्षं झाली तुझं अक्षर बघून. पोस्टमननं कार्ड दिलं तेव्हा माझे हात पिठाचे होते, तसेच धरले. म्हणलं गौरीचं पत्र आलं. तव्यावरची भाकर तशीच सोडून दारात वाचायला उभी राहिले.

आणि लिव्हलंय काय, तर कुठल्या गावी महादेवाच्या पिंडीवर नाग निघाला, तो माणसावानी बोलला, आणि जो हे कार्ड उतरवून अकरा जणांना धाडंल त्याचं भलं होईल, जो जाळंल त्याच्या घरी आठ दिवसांत माणूस जाईल. माझ्या घरी कोण जावं म्हणून धाडलंस? धनी मलप्पा तर कधीच गेला. आता एक मी हाय, एक म्हैस हाय.

कार्ड चुलीत घातलं. आठ दिवस होऊन गेले. म्हैस दूध देते, मी पत्र लिहून राहिले.

इथं काय अशा गोष्टीची कमी हाय? गेल्या महिन्यात लातूर जिल्हा झाला, तवापासून माझ्या खानावळीत कलेक्टर कचेरीतले नवे कारकून जेवायला येतात. त्यातला व्यंकटराव म्हणून एक हाय. मला न विचारता भिंतीला खिळा मारून कुठल्या बाबाचा फोटो लावून गेला. म्हणे मावशी, बरकत येईल. दुसऱ्या दिवशी मी फोटो काढून त्याच्या ताटाशेजारी ठेवला, म्हणलं याला बी वाढू का. दर सोमवारी देवळातल्या चार बाया येतात, माझ्या ओट्यावर बसतात, गंगम्मा, लिंगायताची बाई तू, लिंग परत गळ्यात घाल म्हणून समजावतात. मी कुणाच्या दारात जाऊन देव न्हाई असं सांगते का? मग माझंच दार का घावतं सगळ्यांना?

तुझ्या नणंदेच्या लग्नात पंगतीत तुझ्या सासूनं विचारलं, गळ्यात लिंग का दिसत न्हाई. मी खरं होतं ते सांगितलं. चुलीपुढं घामानं दोरा चावतो म्हणून काढून ठेवलं, तीन दिवस ध्यानात आलं न्हाई, चौथ्या दिवशी कळलं की मला त्याची आठवणच झाली नव्हती. ज्याची आठवण होत न्हाई ते गळ्यात कशाला वागवायचं. एवढंच बोलले. मला ताटावरून उठवलं. तू वाढत होतीस, तुझ्या हातात आमटीचं भांडं होतं, आणि तू खाली बघत होतीस.

दहा वर्षांनी लिहिलंस ते बी नागाचं.

उत्तर धाडू नको. धाडलंसच तर पत्त्यावर जिल्हा लातूर लिही. उस्मानाबाद लिहिलं की पत्र फिरत बसतं.

गंगा


॥ श्री शिव प्रसन्न ॥

मुखेड, २० सप्टेंबर १९८२

तीर्थस्वरूप गंगम्मा अक्कास गौरम्माचा शिरसाष्टांग शरणार्थ.

पत्र मिळाले. इकडील सर्व क्षेम. आपले पत्र घरातील मंडळींसमोर वाचले गेले. देवाचे कार्ड जाळणे बरे नव्हे असे सर्वांचे मत पडले. मनुष्यजन्म पुन्हा मिळत नाही. लिंग उतरविलेल्या देहास गती नाही. मुखेडास नुकतेच स्वामीजींचे प्रवचन झाले, त्याची पुस्तिका सोबत धाडली आहे. रोज एक पान वाचावे म्हणजे चित्तास शांती मिळेल.

घरातून सर्वांचा नमस्कार.

आपली,
सौ. गौरम्मा चन्नबसप्पा

ता. क. कानात अजून त्याच कुड्या आहेत का?


लातूर, ४ ऑक्टोबर १९८२

गौरे,

हे पत्र तू लिहिलंस का तुझ्या नवऱ्यानं सांगितलं न् तू उतरवलंस? तू मला 'आपले' कधीपासून म्हणायला लागलीस?

चित्ताला शांती पाहिजे म्हणतीस, तर इथली शांती ऐक. हस्ताचं नक्षत्र बी कोरडं चाललंय. हापसा अर्धा घंटा मारावा तेव्हा एक घागर निघते, ती बी गढूळ. गल्लीतल्या लोकांनी ठरवलं महादेवाला पाण्यात कोंडायचं. देवळाचा गाभारा पाण्यानं भरायचा, पिंड बुडवायची, मग देव गुदमरतो आणि पाऊस सोडतो म्हणे. घरटी एक घागर गोळा करत माझ्या दारात आले. मी म्हणलं, पिणारा दाखवा, दोन घागरी देते. दगडाला पाजायला माझ्याकडं पाणी न्हाई. तर त्यातला एक म्हणला, मावशी देवाला असं बोलू नये. मी म्हणलं, तुम्ही त्याला बुडवून मारायला निघालात, मी तर त्याच्या अंगाला हात बी लावत न्हाई, मग वाईट कोण?

सोमवारची एक बाई म्हणाली, तुझ्यासारखीमुळंच पाऊस पडंना. म्हणलं, एवढी ताकद माझ्यात असंल तर पिंड राहू द्या, मलाच बुडवा.

गाभारा भरला. चार दिवस पिंड पाण्यात होती. आभाळ जसंच्या तसं. मग ते पाणी नालीत सोडलं. गौरे, नालीत. बाया हापशावर रांगेत उभ्या होत्या.

माझं पत्र घरात सगळ्यांना ऐकवलं म्हणतीस. तर हे बी ऐकव. पुस्तिका मिळाली. भाकरीच्या टोपल्याखाली घातली, टोपलं डुगडुगत होतं ते नीट बसलं.

कुड्या न्हाईत. कानात नुसती काडी घालते. कशाला विचारलंस?

गंगा


॥ श्री शिव प्रसन्न ॥

मुखेड, ७ नोव्हेंबर १९८२

अक्का,

हे पत्र मी आमच्या गल्लीतल्या सुमनबाईंच्या घरी बसून लिहीत आहे. त्या दवाखान्यात नर्स आहेत. बुद्धाला मानणारं घर आहे, आमच्या घरचं कुणी त्यांच्याकडे चहा घेत नाही, म्हणून इथे मला कुणी शोधायला येत नाही. पत्र त्या स्वतः पोस्टात टाकतील. यापुढे तू त्यांच्या नावानेच लिही, खाली पत्ता देते.

तुझं मागचं पत्र यांनी सर्वांसमोर मोठ्याने वाचलं. पुस्तिका टोपल्याखाली घातल्याचं आलं तेव्हा सासूबाई कानावर हात ठेवून उठल्या. म्हणाल्या, आता या घरातून त्या बाईला अक्षर जायचं नाही. पहिलं उत्तर यांनीच सांगितलं होतं, तू बरोबर ओळखलंस. कुड्यांचं तेवढं माझं होतं.

अक्का, त्या कार्डाचं मला तुला सांगायचं आहे. आमच्याकडे तसं कार्ड आलं तेव्हा सासूबाईंनी मला अकरा कार्डं लिहायला बसवलं. नावं त्या सांगत होत्या. देगलूरचे, उदगीरचे, बिदरचे सगळे पाहुणे झाले. दहा झाली आणि अकरावं नाव त्यांना सुचेना. म्हणाल्या, लिही कुणालाही, देवाचं काम आहे, परक्याला गेलं तरी चालतं. मी तुझं नाव तोंडाने घेतलं नाही. नुसतं लिहिलं.

दहा वर्षांत या घरातून तुला धाडता येईल असं काही माझ्या हाती लागलं नव्हतं. देवाचं कार्ड कुणी अडवत नाही, कुणाला जातं ते बघत नाही. नाग काय बोलला ते मी डोळे मिटून उतरवलं. मी आधी पत्ता लिहिला होता. खानावळ त्याच गल्लीत आहे की नाही तेही माहीत नव्हतं. आठ दिवसांत माणूस जाईल असं तुझ्या कार्डावर लिहिताना हात अडला. पण ते गाळलं तर सासूबाई ओळी मोजतात. त्यांना वाचता येत नाही, ओळी मोजता येतात.

मी देवाला मानते, अक्का. ते तुला माहीत आहे. पण ते कार्ड देवाचं नव्हतं.

गौरी


लातूर, १९ नोव्हेंबर १९८२

गौरे,

मी मूर्ख हाय. तुझं पत्र पिठाच्या डब्यात ठेवलंय, दळण काढताना रोज दिसतं.

ते कार्ड जाळायला नको होतं. देवाचं म्हणून न्हाई. त्यावर माझा पत्ता तुझ्या हातचा होता.

तुझ्या कुड्यांचा अर्थ बी आता कळला. तू लहान असताना माझ्या कानाची पाळी धरल्याबिगर तुला झोप येत नव्हती. कुडी टोचायची तर झोपेत रडायचीस, पण पाळी सोडायची न्हाईस. अव्वा म्हणायची, गंगीच्या कानाची घंटी करून टाकलीस. आता पाळी लई लोंबलीय. धरायला सोपी झालीय, धरणारं कुणी न्हाई.

मी बोलते तशी हाय, मला गोड लिहिता येत न्हाई. दिवसभर खानावळीत माणसं असतात, तिसरी भाकर कुणाला, आमटी कुणाला, यात वेळ जातो. पण सगळी जेवून गेली की मी माझं ताट वाढून घेते आणि तेव्हा वाटतं, समोर कुणीतरी आपलं बसावं. देव न्हाई. माणूस. तूच.

मुखेड काय परदेश हाय का? अहमदपूरला गाडी बदलली की झालं. मी एकदा येऊन गेले बी होते. तुला माहीत न्हाई. चार वर्षांपूर्वी मुखेडच्या बाजाराच्या दिवशी स्टँडवर उतरले, तुमच्या दुकानाच्या समोरून दोनदा गेले. तू दिसली न्हाईस. तुझा नवरा गिऱ्हाइकाला गूळ तोलून देत होता. परत गाडीत बसले.

तू सांग, मी येऊ का? उंबऱ्याबाहेर उभी राहीन. मला ताट नको.

गंगा


॥ श्री शिव प्रसन्न ॥

मुखेड, ३० जानेवारी १९८३

अक्का,

तुझं पत्र वाचून मी सुमनबाईंच्या घरीच बसून राहिले. त्यांनी दाराची कडी लावली.

उत्तराला उशीर झाला कारण मी घरात बोलायची संधी बघत होते. शेवटी यांच्याशी बोलले. हे मनाने वाईट नाहीत, आईपुढे यांचं चालत नाही. यांनी आईला विचारलं. ठरलं ते असं. महाशिवरात्रीला इथे स्वामीजी येणार आहेत. तू त्यांच्या हातून परत लिंग घेतलंस तर आमच्या घरी चार दिवस राहू शकतेस. सासूबाई म्हणाल्या, मी स्वतः तिला पंगतीत बसवीन.

चार दिवस, अक्का. तू मनात काय मानतेस ते मी विचारणार नाही. गळ्यात दोरा घाल, स्वामीजींपुढे हात जोड, आणि घरी गेल्यावर पुन्हा काढून ठेव. देव रागावणार नाही. रागावला तर माझ्यावर रागावू दे, मी त्याला समजावून सांगेन.

तुझं ताट-तांब्या मला वेगळं ठेवायला लागू नये, एवढंच मला पाहिजे आहे.

गौरी


लातूर, ६ फेब्रुवारी १९८३

गौरे,

तू कधी काही मागितलं न्हाईस, हे पहिलंच मागितलंस.

लिंग मी टाकून दिलं न्हाई, ते तुला कुणी सांगितलं नसंल. ते ठेवायच्या चांदीच्या चौकीसकट ज्वारीच्या कणगीत ठेवलं होतं. काल काढलं. राखेनं घासलं, नवा दोरा ओवला आणि गळ्यात घातलं. भिंतीवरच्या आरशात बघितलं. गौरे, तिथं कुणी बाई उभी होती. बरी दिसत होती, देवळातल्या सोमवारच्या बाईसारखी. तिला तुझ्या घरी धाडता आलं असतं. ती पंगतीत बसली असती, तुझ्या सासूनं तिला वाढलं असतं, तू तिला अक्का म्हणली असतीस. आणि मी इथं लातुरात बसले असते.

मी परत काढून ठेवलं.

तुला वाटंल हिचा हेका मोठा, बहीण बारकी. तसं न्हाई. इतक्या जणांनी माझ्या दारात येऊन मला घाल म्हणलं, त्यांना न्हाई म्हणताना मला कधीच काही वाटलं न्हाई. तुला न्हाई म्हणताना तीन कागद फाडून चुलीत घातले, हा चौथा हाय.

खोटं घालून मी तुझ्यापुढं बसले तर तुझ्याशी खरं काय बोलू? मला तुला भेटायचंय. कुणाला दाखवायचं न्हाई.

पण तुला ये म्हणायची माझी ताकद हाय. माझ्या घरात तुला कुणी काही विचारणार न्हाई. लिंग घालून ये, विभूती लावून ये, दिवसातून चारदा पूजा कर, घंटी वाजव. मी म्हशीला सांगून ठेवते.

तुला तिथून कोण सोडणार, हे बी मला कळतं. पण एक गोष्ट मला कळत न्हाई. माझ्या दारात दर सोमवारी चार बाया येतात मला वळवायला. त्यांना त्यांच्या सासवा घरातून सोडतात, पोरंबाळं, सैपाक टाकून येतात, त्यांना कुणी अडवत न्हाई. त्या माझ्या कोण लागतात? मग त्यांच्यात तू का नसतीस?

गंगा


॥ श्री शिव प्रसन्न ॥

मुखेड, १७ एप्रिल १९८३

अक्का,

हे पत्र सुमनबाईंच्या घरून नाही, आमच्या घरून लिहिते आहे. हे वाचतील, सासूबाई ऐकतील. चालेल.

शिवरात्र होऊन गेली, तू आली नाहीस. घरात पुष्कळ बोललं गेलं. मग मी सासूबाईंना म्हणाले, तुम्ही प्रवचनात ऐकलंत की चुकलेल्या एका जिवाला मार्गावर आणणं म्हणजे मोठं पुण्य. परक्यांच्या दारात लोक जातात. माझी सख्खी बहीण चुकली आहे आणि मी घरात बसून आहे, हे पाप कुणाच्या माथी जाईल?

चौथ्या दिवशी सासूबाईंनी स्वतःच्या हाताने विभूतीची डबी काढून माझ्यापुढे ठेवली. म्हणाल्या, जा. दोन दिवस रहा. तिचं मन वळवून ये.

सुमनबाईंची बहीण लातूरला असते, सुमनबाई तिच्याकडे निघाल्या आहेत, त्यांच्यासोबत येते. आता त्यांच्यासोबत जायला कुणी हरकत घेतली नाही, काम देवाचं आहे ना.

अक्का, एक लक्षात ठेव. मी खोटं बोलून निघत नाही. मी खरंच तुला वळवायला येते आहे. तू मेल्यावर कुठे जाशील याची मला भीती वाटते. मी जिथे जाईन तिथे तू नसशील तर मी काय करू? एवढं तुला तोंडावर सांगायचं आहे.

गुरुवारी दुपारच्या गाडीने पोचते.

गौरी


लातूर, ८ मे १९८३

चन्नबसप्पा जावईबापू यांस गंगम्माचा नमस्कार.

वर 'श्री' लिहिलेला न्हाई. तुम्ही घालून घ्या, जागा सोडली हाय. हे पत्र तुमच्या आईसमोर मोठ्यानं वाचा. यात खोटं काही न्हाई.

गौरी नीट पोचली असंल. तिनं इथं काय काय केलं ते तुमच्या घरी कळावं म्हणून लिहिते. तुम्ही तिला कामाला धाडलं होतं, काम झालं का न्हाई हे विचारायचा तुमचा हक्क हाय.

गाडी उशिरा आली. ऊन लई होतं, तिचे ओठ वाळून तडकले होते. मी पाणी दिलं तर घेईना. पूजा केल्याबिगर घोट घेणार न्हाई म्हणाली. इथं पाण्याचं काय चाललंय ते तुम्हाला माहीत असंल, टँकर येतो, माणसं घागरी घेऊन पळतात. माझ्याकडं एक घागर भरून ठेवलेली होती. मागं देवळाची माणसं मागायला आली तेव्हा मी दिली नव्हती. गौरीला तांब्या भरून दिला. ती पाटावर बसली, लिंग डाव्या तळहातावर घेतलं, आणि मी माझ्या हातानं वरून पाणी घातलं. तिचं लवकर उरकावं आणि तिच्या घशात पाणी जावं म्हणून घातलं. तुमच्या आईनं याचा काय अर्थ काढायचा तो काढावा.

दोन्ही दिवस तिनं मला समजावलं. पुस्तिका टोपल्याखालून काढायला लावली, पुसली आणि वाचून दाखवली. मी ऐकली. मधी एकदा डोळा लागला, तेव्हा तिनं हलवून उठवलं आणि ते पान पहिल्यापासून वाचलं. ती मरणानंतरचं लई बोलली. मी म्हणलं, तिथलं मला कळत न्हाई, पण तिथं जागा असंल तर माझ्या शेजारची धरून ठेव. ती रडली. मग आम्ही जेवलो. समोरासमोर बसून जेवलो. झोपेत तिनं माझ्या कानाची पाळी धरली. हे पूजेत येतं का न्हाई ते मला ठाऊक न्हाई.

गौरी गेल्यावर पुढच्या सोमवारी त्या चार बाया आल्या होत्या. मी त्यांना सांगून टाकलं, माझं बघायला मुखेडहून माणूस लागलंय, तुम्ही आता दुसरं घर बघा. त्या गेल्या. परत आल्या न्हाईत.

आता खरं ते सांगते. मी वळले का? न्हाई वळले. लिंग कणगीतच हाय. माझ्यासारखी बाई दोन दिवसांत वळत न्हाई, हे तुमच्या आईला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक हाय. जमीन लई तडकलीय, तिला एका पाण्यानं काय होतंय. कधी वळंल ते मी सांगू शकत न्हाई. या वर्षी होईल असं दिसत न्हाई, पुढच्या बी वर्षी कठीण वाटतं. मात्र गौरी आली तर मी ऐकते, आणि दुसरं कुणी आलं तर ऐकत न्हाई, एवढं मला कळून चुकलंय. तुम्ही ते ध्यानात घेऊन काय ते ठरवा.

जाता जाता गौरी विभूतीची डबी माझ्या कोनाड्यात विसरून गेली. तुमच्या आईची डबी हाय म्हणे, घरातली जुनी. मी तिला हात लावलेला न्हाई आणि लावणार न्हाई. पोस्टानं धाडायची तर फुटंल. दुसऱ्या कुणाच्या हाती मी देणार न्हाई. जी विसरली तिनंच येऊन न्यावी.

गंगम्मा